व्हर्जन बदललं आणि चुकाऱ्याचा अहवाल रखडला

वणीकडच्या एका जिनिंगमध्ये संगणकाचं काम पाहणाऱ्या एका भाऊंचा प्रश्न आहे. त्यांनी दिवाळीनंतर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ११ व्या व्हर्जनवरून १५ व्या व्हर्जनवर उडी मारली. बहुतेक कामं आधीपेक्षा जलद झाली, पण गावनिहाय चुकाऱ्याचा (कास्तकारांना द्यायच्या कापसाच्या पैशाचा) अहवाल बसला. पूर्वी एका गावाला दोन सेकंद लागायचे, आता १०८ लागतात. तालुक्याची ४० गावं ओळीनं काढायची म्हटली की दीड मिनिटाच्या जागी सव्वा तास जातो आणि कास्तकार खिडकीशी उभे राहतात. सोबत एक्स्प्लेन अ‍ॅनालाइजचा निकाल, म्हणजे पोस्टग्रेसनं काम कसं केलं आणि कुठं किती वेळ घालवला याचा तपशील, जोडला आहे आणि शेवटी विचारलंय, ‘प्लॅनर येडा झाला का? परत ११ वर जाऊ का?’

भाऊ, प्लॅनर, म्हणजे माहिती कोणत्या रस्त्यानं शोधायची ते ठरवणारा पोस्टग्रेसचा भाग, येडा झालेला नाही. उलट जरा शहाणा झालाय आणि त्यामुळेच तुमची जुनी चूक उघडी पडली आहे. ११ वर परत जाऊ नका. त्या व्हर्जनला नोव्हेंबर २०२३ पासून दुरुस्त्या मिळणं बंद झालंय. १५ ला नोव्हेंबर २०२७ पर्यंत मिळतील.

आधी एक खात्री करून घ्या, कारण दहापैकी सहा वेळा घोडं इथंच पेंड खातं. पीजी-अपग्रेड या व्हर्जन बदलायच्या साधनानं डेटा नवीन व्हर्जनमध्ये येतो, पण टेबलांची आकडेवारी येत नाही. म्हणजे कोणत्या कॉलममध्ये किती वेगळ्या किमती आहेत, कोणती किंमत किती वेळा येते, हे प्लॅनर पूर्ण विसरतो. आकडेवारी सोबत नेण्याची सोय १८ व्या व्हर्जनपासून आली. त्याआधीच्या प्रत्येक अपग्रेडनंतर व्हॅक्यूमडीबी ही आज्ञा चालवून सगळ्या डेटाबेसचं अ‍ॅनालाइज (म्हणजे आकडेवारी नव्यानं गोळा करणं) स्वतः करावं लागतं. ‘ऑटोव्हॅक्यूम करेल की आपोआप’ असं म्हणून बसू नका. टेबलांची निगा राखणारा हा भाग एखाद्या टेबलाला हात लावतो ते त्यात सुमारे दहा टक्के ओळी बदलल्यावर. मागच्या हंगामांची जी टेबलं कोणी शिवतच नाही, ती तशीच कोरी राहतात.

हे मी स्वतः भोगलंय. एका पतसंस्थेचं अपग्रेड शनिवारी रात्री केलं, दहा मिनिटांत काम झालं म्हणून खुशीत घरी गेलो, आणि सोमवारी सकाळी साडेदहाला फोन आला की पासबुक भरायला माणशी चार मिनिटं लागतायत. बाहेर रांग, त्यात लाईन गेलेली, इन्व्हर्टर शेवटच्या घटका मोजतोय. अ‍ॅनालाइजची एक आज्ञा दिली आणि पंधरा मिनिटांत सगळं जागेवर आलं. मॅनेजरनं विचारलं, ‘काय बिघडलं होतं?’ काय सांगणार, मी विसरलो होतो.

तुमच्या बाबतीत मात्र ते कारण दिसत नाही. तुम्ही पाठवलेल्या निकालात बाकी अंदाज बऱ्यापैकी बरोबर आहेत, म्हणजे अ‍ॅनालाइज झालेलं आहे. रोग दुसरीकडे आहे.

तुमचाच निकाल पुन्हा एकदा उघडा. तुम्ही लिहिलंय की ‘चुकारा टेबलावर फक्त ४५० मिलिसेकंद जातात, मग १०८ सेकंद येतात कुठून?’ त्याच ओळीच्या टोकाला ‘लूप्स’ बघा. तिथं २४० आहे. पोस्टग्रेस त्या जागी एका फेरीची सरासरी वेळ छापतो, एकूण वेळ नाही. अर्ध्या सेकंदाच्या आतली ती फेरी २४० वेळा मारली की १०८ सेकंद होतात. ही वाचायची चूक भले भले करतात, मीही दोन वर्षं करत होतो. खालच्या ओळींचाही हिशेब तसाच आहे: जॉइन फिल्टरनं, म्हणजे दोन टेबलं जोडताना जुळल्या नाहीत म्हणून, काढून टाकलेल्या ओळी ४३ कोटींच्या वर आहेत. चुकारा टेबलात १८ लाख ओळी. १८ लाखांना २४० नं गुणा.

म्हणजे घडतंय काय, तर वजनाची एक पावती हातात घेतली की तिचा चुकारा शोधायला सगळं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं जातंय. मग दुसरी पावती, पुन्हा पहिल्यापासून. गोदामातल्या हमालाला एकेका पोत्यासाठी अख्खं गोदाम पालथं घालायला लावावं तसं. यालाच नेस्टेड लूप म्हणतात. ही पद्धत मुळात वाईट नाही. पावती एकच असेल तर सगळ्यात स्वस्त हीच, कारण टेबल एकदा तर चाळावंच लागणार. आणि प्लॅनरला वाटत होतं की पावती एकच आहे. वजन टेबलाच्या ओळीवर अंदाजाच्या कंसात ‘रोज’ (rows, म्हणजे ओळी) १ लिहिलंय, प्रत्यक्षच्या कंसात २४०. प्लॅन वाचताना आधी वेळ बघू नका, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. जिथं ते पहिल्यांदा दहापट-शंभरपट फाटतात, तिथं रोगाचं मूळ असतं. त्याच्या वरच्या ओळींत दिसतो तो नुसता ताप.

आता हा १ आला कसा, ते कागदावर मांडू. वजन टेबलात ९ लाख ओळी आहेत, दहा हंगामांच्या. अहवालात चार अटी आहेत: हंगाम, तालुका, गाव आणि तारखेचा पट्टा. प्लॅनर प्रत्येक अटीचा वाटा वेगळा काढतो आणि एकमेकांशी गुणतो. हंगाम दहातला एक, म्हणून राहिले ९०,०००. तालुके बारा, म्हणून राहिले ७,५००. गावं ४००, म्हणून राहिले १८.७५. तुमचा ६० दिवसांचा पट्टा म्हणजे दहा हंगामांतल्या एकूण ओळींपैकी सुमारे सहा टक्के, म्हणून राहिली १.१२५. गोळाबेरीज १.

गणित चोख आहे. गृहीतक खोटं आहे. मारेगाव तालुक्यातलं गाव मारेगाव तालुक्यातच असणार. गाव सांगितलं की तालुका सांगून एक ओळही कमी होत नाही, पण प्लॅनरनं बारानं भागलं. डिसेंबर-जानेवारीची तारीख सांगितली की हंगाम ठरलाच, तरी त्यानं पुन्हा दहानं भागलं. दोन्ही मिळून १२० पटीची तूट. आपल्याकडचा व्यापारी बंडीत हात घालून मूठभर कापूस ओढतो आणि अख्ख्या गाडीचा भाव करतो, तसं प्लॅनरही मुठीवरच चालतो. डीफॉल्ट मांडणीत तो टेबलातून ३०,००० ओळींचा नमुना घेतो. मूठ खोटी नसते, पण ती एकेका कॉलमची वेगळी असते. गाव आणि तालुका यांचं एकमेकांशी नातं काय, हे त्या मुठीत येत नाही. अटी एकमेकांपासून स्वतंत्र असतात हे गृहीतक काही पोस्टग्रेसनं काढलेलं नाही. १९७९ मध्ये आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रकल्पावर पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी जो शोधनिबंध लिहिला, तिथपासून खर्चाच्या अंदाजावर चालणारे जवळपास सगळे प्लॅनर हेच घेऊन चालत आलेत.

मग ११ वर हेच गणित का आडवं आलं नाही? तुमची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, ‘विथ’नं, म्हणजे आधी वेगळ्या लिहिलेल्या एका उपक्वेरीनं, सुरू होते. विथच्या आत वजन आणि चुकारा यांची जोडणी आहे आणि एकच अट आहे, हंगामाची. गाव, तालुका, तारीख या अटी बाहेर, खाली. ११ पर्यंत विथ म्हणजे पक्कं कुंपण होतं. आतलं आधी पूर्ण तयार करायचं, मग बाहेरच्या अटी लावायच्या. आत फक्त हंगाम असल्यामुळे अंदाज ९०,००० निघायचा, जो खराही होता. एवढ्या ओळी बघून प्लॅनर हॅश जॉइन घ्यायचा, म्हणजे एका बाजूची एकदाच फोड करून ठेवायची आणि दुसऱ्या बाजूची एकेक ओळ त्यात टाकून बघायची. दोन सेकंदांत काम तमाम. लक्षात घ्या, ११ एका गावासाठी अख्ख्या हंगामाचा कापूस तोलत होता. काम जास्त करत होता, पण अंदाज चुकायला त्याला जागाच नव्हती.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या १२ व्या व्हर्जनमध्ये हे कुंपण काढलं. विथचा भाग खाली एकदाच वापरला असेल, रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारा) नसेल आणि त्यातून डेटा बदलत नसेल, तर तो मुख्य क्वेरीत मिसळून टाकतात. बाहेरच्या अटी आत ढकलता येतात, एका गावासाठी एकाच गावाचं वजन वाचता येतं. बहुतेकांच्या क्वेरी यामुळे जलद झाल्या, तुमच्याही बाकीच्या झाल्याच. पण इथं चारही अटी एकत्र आल्या, गुणाकार झाला आणि १ निघाला. गाव-तालुक्याचं अंदाजातलं भोक ११ मध्येही होतंच. कुंपणाआड होतं म्हणून दिसलं नाही, एवढंच.

आज संध्याकाळपर्यंत खिडकीवरची गर्दी हटवायची असेल तर विथमध्ये ‘अ‍ॅज’ आणि कंस यांच्या मधे ‘मटेरिअलाइज्ड’ हा शब्द घाला. १२ पासून हा शब्द मिळालाय, तो जुनं कुंपण परत उभं करतो. दोन सेकंद परत येतील. पण याला मलमपट्टी समजा.

खरी दुरुस्ती म्हणजे चुकारा टेबलात पावती क्रमांकावर इंडेक्स, पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. ‘फॉरेन की आहे ना तिथं’ असं तुम्ही म्हणाल. आहे. पण पोस्टग्रेस फॉरेन कीच्या (एक टेबल दुसऱ्याला बांधणाऱ्या नियमाच्या) मुलाच्या बाजूला, म्हणजे इथं चुकारा टेबलात, इंडेक्स आपोआप बनवत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी बनवतं, त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाला हे गृहीतच असतं. हा इंडेक्स झाला की नेस्टेड लूपच उत्तम ठरेल: २४० पावत्या, २४० वेळा इंडेक्समध्ये डोकावणं, सगळं मिळून काही मिलिसेकंद. मग अंदाज १ असो की २४०, या अहवालाला फरक पडणार नाही.

तरी अंदाजही सुधारून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा एखादा अहवाल याच खड्ड्यात जाईल. वजन टेबलावर तालुका आणि गाव या दोन कॉलमांसाठी ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ करा, प्रकार ‘डिपेंडन्सीज’. ही सोय १० व्या व्हर्जनपासून आहे. त्यानंतर त्या टेबलाचं अ‍ॅनालाइज केलंच पाहिजे, नुसतं जाहीर करून काही भरत नाही. मग ‘गावावरून तालुका ठरतो’ हे प्लॅनरला कळतं आणि तो बारानं भागणं सोडतो. हंगाम आणि तारखेला मात्र हा उपाय लागू पडत नाही, कारण डिपेंडन्सीज फक्त बरोबरच्या चिन्हाच्या अटींना चालतात, ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ला नाही. तिथं सरळ हंगामाची अट काढून टाका. तारीख दिली की हंगाम आलाच. आता गणित पुन्हा करा: ९ लाख भागिले ४०० म्हणजे २,२५०, त्याचे सहा टक्के म्हणजे १३५. खरे २४०. चालतंय की. दुपटीच्या आत चुकणारा अंदाज फारच क्वचित घात करतो.

एक मर्यादा सांगून ठेवतो, म्हणजे नंतर मला शिव्या देणार नाही. ही जोडआकडेवारी एकाच टेबलातल्या कॉलमांची होते. गाव कास्तकार टेबलात आणि तालुका दुसरीकडे अशी मांडणी असती तर तिचा उपयोग झाला नसता.

तुमचा जाता जाता विचारलेला दुसरा प्रश्न: पावतीची छपाई पूर्वी चुटकीसरशी व्हायची, आता सेकंदभर थांबते. त्या क्वेरीचं एक्स्प्लेन अ‍ॅनालाइज काढून तळाशी ‘जिट’ असा भाग येतोय का बघा. क्वेरी चालवण्याआधी तिचे काही भाग मशीनच्या भाषेत उतरवून घेण्याची ही सोय ११ मध्ये आली पण बंद होती, १२ पासून मुळातच चालू असते. अंदाजित खर्च एक लाखाच्या वर गेला की ती जागी होते. मोठ्या हिशेबाला फायदा होतो. पण खर्चाचा अंदाजच फुगलेला असला तर पाच मिलिसेकंदांच्या कामासाठी आठशे मिलिसेकंदांची तयारी चालते. लग्न लहान आणि मांडव मोठा. खिडकीवरच्या कामांसाठी वेगळा युजर असेल तर त्या युजरपुरतं जिट बंद करा.

तिसरा संशयित तुमच्या निकालात नाही, पण वर्षअखेरचा ताळेबंद काढाल तेव्हा भेटेल म्हणून सांगतो. १३ च्या आधी हॅशनं केलेली बेरीज अंदाज चुकला तर मेमरीची मर्यादा ओलांडून बिनदिक्कत फुगायची. मशीनमध्ये रॅम असेल तोवर कोणाला पत्ता लागत नसे. १३ पासून ती मर्यादा पाळते आणि उरलेलं डिस्कवर उतरवते, त्यामुळे जुन्या हार्ड डिस्कवर अहवाल अचानक रांगतो. ग्रुप बाय (गटवार बेरीज) असलेल्या प्लॅनमध्ये ‘डिस्क युसेज’ दिसलं की समजा तेच. त्यासाठी हॅशला किती पट मेमरी द्यायची ही नवी मांडणी १३ मध्ये १ पट होती, १५ मध्ये २ पट केली. तुम्ही १५ वर आलात हे इथं बरंच झालं. मूळ वर्क मेम (अशा एका कामाला मिळणारी मेमरी) चार एमबीच असेल तर त्या एका अहवालापुरती ६४ करा.

‘त्या एका अहवालापुरती’ हे मुद्दाम लिहिलंय. तुम्ही विचारलंय की सगळ्या सर्व्हरवर नेस्टेड लूपच बंद करून टाकू का. भाऊ, ते नका करू. तुमच्या पावत्यांची छपाई, कास्तकाराचं खातं, काट्यावरची नोंद, हे सगळं त्याच लूपवर चाललंय. एका बैलाला खरूज झाली म्हणून गोठाच जाळायचा का? असली बटणं मी फक्त तपासायला वापरतो, स्वतःच्या सेशनमध्ये. नेस्टेड लूप बंद करून प्लॅन काढायचा, प्लॅनरला दुसरा रस्ता ठाऊक होता का आणि त्याला तो किती महाग वाटला ते पाहायचं, मग सेशन बंद. सर्व्हरभर बदलावा असा एकच आकडा तुमच्याकडे दिसतो. तुम्ही एसएसडी बसवलीत, पण रँडम पेज कॉस्ट (डिस्कवरचं विखुरलेलं पान वाचायला धरलेला खर्च) अजून ४ च आहे. तो फिरत्या तबकडीच्या काळातला आकडा आहे. १.१ च्या आसपास आणा, नाहीतर इंडेक्स केल्यावरही प्लॅनर तो वापरायला कां-कू करेल.

ओरॅकलमध्ये जुन्या व्हर्जनसारखं वागायला लावणारी मांडणी असते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कम्पॅटिबिलिटी लेव्हल असते, २०१४ ला तिथं अंदाज काढायची पद्धत बदलली तेव्हा कित्येकांनी तीच खाली ओढून वेळ निभावली. पोस्टग्रेसमध्ये तशी कळ नाही. त्यामुळे आपल्याला तयारी आधी करावी लागते. आणि तुम्ही केलंत ते ऐन आवकीत, हे मात्र मला पटलं नाही. दिवाळी ते संक्रांत काटा थांबत नाही, त्या काळात जिनिंगच्या सर्व्हरला मी हात लावत नाही. मी जून-जुलै पाहतो, कापूस संपलेला असतो आणि कास्तकार पेरणीत असतात. जुन्या व्हर्जनवर पीजी स्टॅट स्टेटमेंट्स (कोणती क्वेरी किती वेळ खाते याची नोंद ठेवणारी सोय) महिनाभर चालू ठेवायचं, सर्वात जास्त वेळ खाणाऱ्या वीस-पंचवीस क्वेरी निवडायच्या, त्यांचे प्लॅन फाइलमध्ये जपून ठेवायचे. मग बॅकअप एखाद्या पडून असलेल्या डेस्कटॉपवर नव्या व्हर्जनमध्ये चढवायचा आणि त्याच क्वेरींचे प्लॅन शेजारी लावून बघायचे. मशीन धीमं असलं तरी हरकत नाही, वेळ बघायचीच नसते, प्लॅनचा आकार बघायचा असतो. एक दुपार पुरते. तुमचं हे विथचं प्रकरण पहिल्या अर्ध्या तासात सापडलं असतं.

सर्व्हरची लिनक्सही याच वेळी बदलली असेल तर एक वेगळं दुखणं तपासा. २०१८ च्या जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ मध्ये अक्षरांची क्रमवारी लावायचे नियम बदलले. त्याच्या आधीच्या लिनक्सवर बनलेले नावांचे इंडेक्स नव्या लिनक्सवर तसेच आणले तर ते चुकीचे ठरू शकतात: कास्तकाराचं नाव टेबलात आहे आणि शोधलं तर मिळत नाही. तसं होत असेल तर मजकुराच्या कॉलमांवरचे इंडेक्स रीइंडेक्स करा. याचा वेगाशी संबंध नाही, पण लोक दोन्ही गोष्टी एकाच रात्री करतात आणि दोष सगळा प्लॅनरला देतात.

चुकाऱ्यावरचा इंडेक्स बनवताना ‘कॉन्करंटली’ लिहायला विसरू नका. त्याशिवाय बनवलात तर तो पूर्ण होईपर्यंत चुकारा टेबलात नवीन नोंद होणार नाही आणि खिडकीवर तुमच्या नावानं बोंब उठेल. वेळ थोडा जास्त लागतो, म्हणून रात्री काटा बंद झाल्यावर लावा. लाईन जाऊन तो मध्येच तुटला तर अर्धवट इंडेक्स ‘इनव्हॅलिड’ म्हणून पडून राहतो. तो आधी ड्रॉप करा, मग पुन्हा बनवा.